वाचकांचे प्रश्न : संस्था म्हणते सही करा, करू का?

प्रश्न : दादा नमस्कार. बेळगावच्या कडेला सरकारी योजनेतल्या तीन मजली बिल्डिंगी आहेत बघा, तिथं आम्ही राहतो. वरची टाकी फुटलीय, पाणी जिन्यावरनं खाली येतंय, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी पायरीवर गोणपाट टाकलंय नाहीतर रोज कुणीतरी घसरणारच. एका ऑफिसात गेलं तर म्हणतात ते काम आमचं न्हवे पलीकडे जावा, पलीकडे गेलं तर म्हणतात बिल्डिंग अजून आमच्या ताब्यातच आलेली नाही. आता एक संस्था आलीय, म्हणते आमच्याशी पार्टनरशिप करा, तुमच्या वतीनं आम्ही बोलतो, फक्त सगळ्या घरांच्या सह्या द्या. करायच्या का सह्या? – एक वहिनी, बेळगाव

उत्तर : वहिनी, सही करायच्या आधी तो कागद घरी आणा आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. कागद कन्नडात असेल तर शेजारच्या कन्नड येणाऱ्या पोराला बसवा, समजल्याशिवाय सही नको. आणि कोऱ्या कागदावर तर अजिबात नको, संस्था कितीही चांगली असू दे.

संस्थेची मदत घेण्यात वाईट काय नाही, उलट एकटं लढून काय होतं ते लंडनमध्ये दिसलं. ग्रेनफेल टॉवर म्हणून सरकारी भाड्याच्या घरांची बिल्डिंग होती, तिथले रहिवासी आगीचा धोका आहे म्हणून लिहून लिहून दमले, कुणी मनावर घेतलं नाही आणि 2017 च्या जूनमध्ये आग लागून 72 माणसं गेली. त्यानंतर 2023 ला तिकडं सोशल हाउसिंगचा, म्हणजे असल्या भाड्याच्या घरांचा, नवा कायदा झाला. म्हणजे तक्रार खरी असून भागत नाही, ती रेटणारं मागं कोणतरी लागतं. पण रेटायचं काय आणि कुठं थांबायचं हे तुम्ही ठरवायचं, संस्थेनं न्हवे. म्हणून आधी तुमची कमिटी करा, प्रत्येक जिन्यातनं एक माणूस, निम्म्या तरी बायका, कारण पाणी भरतंय कोण हे आपल्याला माहीत आहे. मग संस्थेला लिहून मागा की कमिटीला विचारल्याशिवाय ऑफिसात तडजोड करणार नाही आणि मूळ कागद कमिटीकडेच राहतील, संस्थेला झेरॉक्स. वर्गणी मागत असतील तर पावती. एवढ्यावर जी संस्था नाराज होते तिला चहा पाजून पाठवून द्या.

वकील लागला तर पैशाची काळजी नको. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण म्हणून असतंय, 1987 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईमाणसाला आणि एससी एसटीला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, 15100 वर फोनही लागतो. पाणी आणि सांडपाणी या सार्वजनिक सेवा, त्यांच्या तक्रारी ‘कायम लोकअदालत’ म्हणून असते तिथं नेता येतात, कोर्ट फी नाही, मात्र कोर्टात केस घालायच्या आधी जावं लागतं. लॉ कॉलेजची लीगल एडवाली पोरं अर्ज लिहून देतील, आणि कुठल्या तरी इंजिनिअरिंग कॉलेजच्या सिव्हिलच्या सरांना टाकी दाखवून दोन ओळी लिहून घेतल्या तर ऑफिसातला माणूस लगेच नीट बसतो, अनुभव आहे.

आता भाषेचं. घटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, मराठीतही. पण माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा तिथल्या राजभाषेत असतो, म्हणजे आपल्याकडे कन्नड, तर तो कन्नडातच द्या. फी 10 रुपये, बीपीएलला तीपण नाही, 30 दिवसांत उत्तर यायला हवं. विचारायचं एवढंच की देखभालीचं काम कुणाकडं आहे, ताबा दिल्याचं पत्र कुठं आहे, त्याची नक्कल द्या. दोन ऑफिसांची टोलवाटोलवी त्या एका नकलेनं उघडी पडते.

आणि एक स्पष्ट सांगतो, काही जणांना राग येईल. कमिटीत कन्नडवाले, उर्दूवाले शेजारी पहिल्या दिवसापासून घ्या. सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं चालू दे, टाकी त्यात आणू नका, नाहीतर पुढारी येतील, दोन्हीकडचे झेंडे येतील, पेपरात फोटो येईल आणि पाणी जिन्यावरनं वाहतच राहील. गाऱ्हाण्याचा अर्ज मराठी आणि कन्नड दोन्ही भाषेत जोडा, इनवर्ड नंबर आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, आणि आजींच्या त्या गोणपाटाचा फोटो तारखेसकट आजच काढून ठेवा.

प्रश्न : त्याच वसाहतीत मी भाड्यानं राहतो, घर दुसऱ्याच्या नावावर आहे. मी कमिटीत आलो तर चालतंय का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : मीटिंगला या, काम करा, पाणी तुमच्याही अंगावर पडतंय. पण अर्जावर सही करायच्या आधी मालकाचं वाटपपत्र बघा. योजनेतलं घर ठराविक वर्षं विकू नये, भाड्यानं देऊ नये अशी अट बऱ्याचदा असते, आणि तुमच्या सहीमुळं त्याचं घर आणि तुमचं छप्पर दोन्ही अडचणीत यायला नको. तोवर फोटो काढायचं आणि वही सांभाळायचं काम तुम्ही घ्या.