यंत्राच्या थापेला 'अफवा' म्हणावे का?

एका वाचकाने विचारले आहे की, प्रेषित मुहंमद यांच्या नावावर फिरणारे, पण कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले वचन मराठीत 'अफवा' ठरते का, आणि इस्लामी परंपरेत त्याला नेमका शब्द कोणता?

'अफवा' अरबी 'अफ्वाह'वरून आली. त्याचा अर्थ 'तोंडे'. प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्यावर आलेल्या खोट्या आळाविषयी कुराणात (24:15) हाच शब्द येतो: ज्याचे ज्ञान नव्हते, ते तुम्ही आपल्या तोंडांनी बोलत होतात. अफवेला असे कुणाचे तरी तोंड असते. यंत्राला ते नाही.

हदीस म्हणजे प्रेषितांच्या नावे सांगितलेले वचन किंवा कृती; तिची पारख करणाऱ्या हदीसशास्त्रातला शब्द 'मौजू', म्हणजे रचलेले. 'ज्ञानासाठी चीनपर्यंत जा' हे लोकप्रिय वचन इब्न अल-जौझी यांनी बाराव्या शतकातच मौजू ठरवले होते, तेव्हा रोग जुनाच आहे. त्याचे निदान मुख्यतः होई ते सनदीवरून, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकले त्या साखळीवरून. साखळीतल्या प्रत्येकाची 'अदालत' (सचोटी) आणि 'ज़ब्त' (स्मरणाची पक्की पकड) तपासली जाई. गंमत अशी की सनद, अदालत आणि जप्ती हे तिन्ही शब्द मराठीत आले ते थेट कोर्टकचेरीत जाऊन बसले.

यंत्र सनदसुद्धा रचते. एका संवादी प्रणालीने मला सचोटीविषयीचे एक सुरेख वचन एका प्रसिद्ध संग्रहाच्या नावानिशी आणि क्रमांकासह दिले. तो क्रमांक उघडला तर तिथे वुजूचे, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचे, नियम होते. इथे सचोटी तपासायची तरी कोणाची? 'फासिक', म्हणजे दुराचारी, माणसाने बातमी आणली तर शहानिशा करा, असे कुराण (49:6) सांगते. पण यंत्रावर धर्माचे कोणतेच बंधन नसल्याने ते फासिकही ठरू शकत नाही. त्यामुळे जबाबदारी ते वचन पुढे धाडणाऱ्यावर येते. ऐकलेले सगळे सांगत सुटणे एवढेच माणूस खोटारडा ठरायला पुरेसे आहे, अशा आशयाची हदीस आहेच.

म्हणून नाम म्हणून 'मौजू हदीस' किंवा सरळ 'बनावट हदीस' लिहावे. माझा खरा आग्रह मात्र क्रियापदाविषयी आहे. अफवा 'उठते', वावडी 'उडते', त्यात कर्ता आपोआप सुटतो; कंडी मात्र कुणीतरी 'पिकवतो'. बातमीत 'बनावट हदीस पसरली' असे न लिहिता 'पसरवली' लिहावे, म्हणजे 'कोणी?' हा प्रश्न वाचणाराच विचारील.