पावसाळ्यात ग्रामोफोनच्या रेकॉर्डना बुरशी लागू नये म्हणून त्या कशा ठेवाव्यात?

उभ्या ठेवा आणि प्लॅस्टिकात बांधू नका. उत्तर एवढंच. पण ‘पॉलिथिनमध्ये सीलबंद करून लोखंडी पेटीत ठेवल्या तर चालेल का’ असंही तुम्ही विचारलंय, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव विदर्भातल्या साकोलीकडचं. बाबांचा लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. लग्नघरी पहाटेपासून आमचा भोंगा. ते गेल्यावर दोनेकशे रेकॉर्ड उरल्या. दादानं ऐन आषाढात त्या युरियाच्या रिकाम्या पोत्यांत भरल्या, तोंडं सुतळीनं आवळली, पेटीत घातल्या, वरून डांबराच्या गोळ्या. मी म्हटलं, हवा लागू दे. तर म्हणे, “पाणीच शिरत नाही, तर बुरशी कुठून येईन बे?”

पोळ्याला पेटी उघडली. कुबट भपकारा आला. पाकिटांवर हिरवट ठिपके, आणि तबकड्यांच्या खाचांतून कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी. ओल बाहेरून आलीच नव्हती, आतच कोंडली होती. बुरशी जगते ती पुठ्ठ्यावर, धुळीवर, बोटांच्या तेलावर. गोळ्यांनी किडे मरतात, बुरशी नाही.

तेव्हा आतली जुनी कागदी पाकिटं बदला. फळी बाहेरच्या भिंतीला टेकलेली नको, जमिनीपासून वीतभर वर हवी. कूलरच्या झोतात ठेवू नका; तो गारवा म्हणजे निव्वळ ओल. पत्र्याखालीही नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, पत्र्याखाली विनाइलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, रेकॉर्डची वाटी होते.

बुरशी लागलीच असेल तर अंगणात, नाकाला रुमाल बांधून मऊ ब्रशनं झाडा. मग इन्व्हर्टरचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, आणि खाचांच्या दिशेनं पुसा. लेबल भिजवू नका. पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालू नका.

हो, एक राहिलंच. ७८ गतीच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, जुन्या रेकॉर्ड बहुतेक लाखेच्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्यांना स्पिरिट लावू नका. मी नऊ पुसल्या. कापूस काळा होत गेला, मला वाटलं मळ निघतोय. दादा अजून चारचौघांत तेच काढतो. पण पोत्यात बांधल्या नसत्या तर पुसायची वेळ आली असती का?