गिरणीच्या घराचा अर्ज अडकलाय? आमचंही असंच झालं होतं

हजेरीपत्रकावर वडिलांचं आडनावच नाही, आधारवर आहे, म्हणून गिरणी कामगारांच्या घराचा अर्ज अडकला असं तुम्ही लिहिलंय. आमचं हुबेहूब हेच.

अर्ज कसा भरायचा ते तुम्हाला ठाऊक असेलच. आम्हाला नडली ती एक कचेरी, नाव घेत नाही. तिथल्या साहेबांचं एकच पालुपद, 'गिरणीच्या लेटरहेडवर लिहून आणा.' अहो, गिरणीच्या जागी टॉवर उभा आहे, लेटरहेड काय लिफ्टमनकडे मागू? या नादात घरांची एक सोडत (लॉटरी) हातची गेली. शेवटी कामाला आलं ईएसआयचं (कामगार विम्याचं) जुनं कार्ड आणि पीएफची पावती. दोन्हींवर तिकीट नंबर, म्हणजे गिरणीतला कामगार क्रमांक, एकच. तो नंबर धरून बसा, नावासाठी सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. मूळ कागद कुणाच्या टेबलावर सोडू नका, पोच शिक्क्यानिशीच घ्या. (मी वकील नाही. नियम बदलतात, ताजी जाहिरात स्वतः वाचा.)

आता तुमचा दुसरा प्रश्न, भांडवलशाहीनं आपल्याला दिलं काय? दिलं की. 1854 मध्ये कावसजी दावर या पारशी शेटनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढली, पुढे अमेरिकेतल्या यादवीत कापसाचा भाव कडाडला आणि शहरात पैसा खेळला. 1865 ला तो फुगा फुटला, पण गिरण्या वाढतच गेल्या. कोकणातल्या, घाटावरच्या माणसाला खोताच्या दारात न जाता रोख पगार मिळू लागला. पण रविवारची सुट्टी मालकांनी आपणहून दिली नाही, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून 1890 मध्ये मिळवली. आणि जात काही गिरणीच्या गेटबाहेर राहिली नाही. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार जास्त, पण धोट्यातला (मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतला) धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, म्हणून तिथं दलितांना शिरू देत नसत. हे 'गिरणगाव एक कुटुंब' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

लोक 1982 च्या गिरणी संपाला आणि त्याचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांना शिव्या घालतात. माझ्या मते खरा घाव नंतरचा. 1991 च्या नियमानं गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले: पालिकेला मोकळी जागा, म्हाडाला (सरकारी गृहनिर्माण मंडळाला) घरांसाठी जागा, उरलेला मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती करून ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती ठेवली आणि 2006 ला सुप्रीम कोर्टानंही ती दुरुस्ती मान्य केली. बहुतेक जमिनीवर शेडच उभ्या, मग वाट्याला उरणार किती? म्हणून गिरणी परळची आणि घर पनवेलजवळच्या कोनला. तरी लागलं तर सोडू नका असं मी म्हणेन, फक्त आधी स्वतः जाऊन पाण्याचं बघून या.