गेमवरून भुताची फिल्म करताय?

अरे, कसब्यातल्या वाड्यात शूटिंग करणार असशील, तर कॅमेरा भाड्याने आणण्याआधी तो गेम दिवे घालवून पुन्हा खेळ. हात कुठे थबकतो, ते वहीत लिही. गेममध्ये दार आपण स्वतः उघडतो. सिनेमात दुसराच कोणी, म्हणून भीती निम्मी होते. 'सायलेंट हिल' हा भीतीचा गेम आणि त्यावरचा सिनेमा बघ. १९९९च्या गेममधल्या धुक्याने प्लेस्टेशन या गेमयंत्राची दूरचं दाखवण्याची मर्यादा झाकली होती. २००६च्या सिनेमाने ते धुकं जपलं, गेमचा संगीतकार अकिरा यामाओका याचं संगीतही. सिनेमातल्या त्या भयानक नर्सेस? मेकअप चढवलेल्या नर्तकी! तूही कॉम्प्युटरवर भूत करत बसू नकोस. नाच शिकलेली एखादी मुलगी शोध, मान एका झटक्यात वळवायला सांग. आणि जिन्याची करकर वाड्यातच रेकॉर्ड कर, रात्री दोननंतर. रस्त्यावरच्या रिक्षा तेव्हाच जरा शांत होतात.