जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात आईवडील राहतात, अधूनमधून भूकंपाचे हलके धक्के बसतात. आधी काय करावं?

आधी डोक्यावरचं ओझं कमी करा. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात किल्लारीला माणसं पहाटे झोपेत दगड-मातीखाली गाडली गेली. गळती लागली की दरवर्षी माळवदावर नवी माती टाकायची, जुनी मात्र तशीच, ही आपली सवय. १० बाय १० फुटांच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे जवळपास साडेचार टन! उन्हाळ्यात माती उतरवून थर अर्ध्या फुटावर आणा, पण एका बाजूनेच उपसू नका. या मातीखाली जाड प्लास्टिक कागद अंथरला की गळतीसाठी पुन्हा माती चढवावी लागत नाही.

मग भिंती बघा. दगडी भिंतीला आतला-बाहेरचा असे दोन पदर असतात, मधे नुसती भर. दोन्ही पदर बांधणारा आरपार लांब दगड नसेल तर धक्क्याने ते सुटे होऊन ढासळतात. भिंतीला पोट आलं असेल, चिरेतून माती झरत असेल, तर तिथली बाज आजच हलवा. आरपार बांध घालणं, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके टेके देणं हे इंजिनिअरला दाखवूनच करा.

उतरंड, कोनाड्यातली जड भांडी खाली घ्या. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद. उशाशी बॅटरी, चपला. दाराला एकच कडी, म्हाताऱ्या हातांना अंधारात उघडेल अशी. आणि दारामागे धान्याची पोती मुळीच नकोत.