पूर्णपणे रिमोट ओपन सोर्स कंपनीत वातावरण कसं असतं, एकटं पडायला होतं का?

अशाच एका कंपनीत आहे मी (म्हणजे जिचा कोड जगात कोणालाही बघता, सुधारता येतो), नाव नाही सांगत. एकटं पडायला होतं, पण माणसं दिसत नाहीत हे हळूहळू अंगवळणी पडतं हो, जड जातं ते सगळं चारचौघांत लिहिणं. नेहमीच्या ऑफिसात अडलं की शेजारच्याला हळूच विचारून मोकळं होता येतं, इथे तोच प्रश्न पब्लिक इश्यूमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदीत टाकायचा, जगात कोणीही वाचणार, आणि कंपनीचा एक पैसाही न घेणारा एखादा कॉन्ट्रिब्यूटर येऊन तुमच्या कोडमधली चूक दाखवणार (आणि बऱ्याचदा त्याचंच बरोबर असतं 😅). डीएम (खासगी मेसेज) केला तर "चॅनेलवर विचार ना" असं उत्तर येतं. नवीन पोरांना ते मनाला लागतं, पण दुसऱ्या टाइमझोनमधला माणूस उठेल तेव्हा त्यालाही तो प्रश्न आणि उत्तर सापडायला हवं, एवढंच त्यामागे असतं.

चुकांचंही तसंच. गिटलॅबचं (कोड ठेवायची सेवा देणारी अशीच एक रिमोट कंपनी) 2017 चं प्रकरण वाचा. 31 जानेवारीला एका इंजिनियरकडून प्रॉडक्शन डेटाबेसमधला जवळपास 300 जीबी डेटा उडाला, बॅकअपचे पाच उपाय होते पण ऐनवेळी एकही धड चालला नाही, शेवटी साधारण सहा तास आधी हाताने घेतलेल्या कॉपीवर निभावलं. त्यांनी रिकव्हरीच्या नोट्स सगळ्यांना उघड्या ठेवल्या, यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतरच्या रिपोर्टमध्ये खापर माणसावर न फोडता प्रोसेसवर फोडलं. सगळ्याच कंपन्यांना हे जमत नाही, काही नुसत्याच ट्रान्सपरन्सीच्या गप्पा मारतात आणि खरे निर्णय प्रायव्हेट कॉलवर होतात.

मला खटकतं ते वेगळंच. ज्याला छान लिहिता येतं तो पटकन नजरेत भरतो, आणि गपचूप किचकट बग सोडवणारा मागे राहतो. शिवाय लिहिलेल्यात टोन कळत नाही, कोड रिव्ह्यूमधलं एक कोरडं "का?" दिवसभर डोक्यात फिरतं.

ऑफर घेण्याआधी त्यांच्या रेपोतल्या (कोडच्या साठ्यातल्या) बंद झालेल्या मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे "माझा हा बदल कोडमध्ये घ्या" अशा विनंत्या वाचा, विशेषतः नाकारलेल्या. नवख्याला नाही म्हणताना कारण देतात की नुसतं क्लोज करतात ते बघा. एचआरला विचारून हे कळणार नाही.