लेथ घ्यायचा की जॉबवर्क? एफडी मोडण्याआधी

प्रश्न सांगलीवाडीच्या वाचकाचा आहे. कुपवाड एमआयडीसीत ते क्वालिटी विभागात नोकरी करतात. पगार ३४,००० रुपये, घराच्या हप्त्यासह खर्च २६,०००. जुन्या एचएमटी घड्याळांच्या केसा (बाहेरची धातूची खोळ) आतून मोठ्या करून त्यात नवी ऑटोमॅटिक मशिनं (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारी) बसवायची आणि ती ऑनलाइन विकायची, असा त्यांचा बेत आहे. लहान लेथ (धातू फिरवून कापायचं यंत्र) १,१५,००० चा, अवजारं ३५,००० ची आणि जुनी घड्याळं ३०,००० ची, असे एकूण १,८०,००० लागतील. त्यासाठी तीन लाखांची एफडी मोडू का, असं ते विचारतात. एफडी ७ टक्क्यांची आहे, मुदत संपायला चौदा महिने आहेत, आणि घरात दुसरी शिल्लक नाही.

नमस्कार. तुमच्या पत्रातला शेवटचा मुद्दा मी आधी घेतो. ही एफडी तुम्ही ‘पडून असलेले पैसे’ म्हणून लिहिली आहे. ती पडून नाही. उद्या नोकरी गेली तर आज तुमचं घर अकरा महिने चालेल. १,८०,००० काढल्यावर साडेचार महिने. शिवाय मुदतीआधी मोडली की बँक जितके दिवस ठेव राहिली त्या मुदतीचा दर लावते आणि त्यातून बहुधा अर्धा ते एक टक्का दंड कापते.

आता धंद्याचा हिशोब. एका घड्याळामागे १,५०० नफा, महिन्याला चार घड्याळं, म्हणजे ६,००० रुपये. लेथ आणि अवजारांचे दीड लाख पंचवीस महिन्यांत वसूल, असं तुम्ही मांडलंय. यात खराब होणारा नग कुठेच नाही. कंपनीत तुम्ही रोज रिजेक्शनचा तक्ता भरत असाल, घरच्या वहीत मात्र तो रकाना विसरलात! केस आणि मशिन मिळून २,५०० ला पडतात असं तुम्हीच लिहिलंय. पाचांत एक बिघडला असं धरू. चार चांगल्या नगांचे ६,०००, त्यातून २,५०० वजा, उरले ३,५००. दीड लाखांवरचं बुडालेलं व्याज महिन्याला ८७५. म्हणजे हातात २,६२५, आणि वसुलीला पंचवीसऐवजी सत्तावन्न महिने. कुरिअर आणि परत आलेला माल मी धरलेलाच नाही.

पाचांत एक हा आकडा माझा अंदाज आहे, पण सुरुवातीला तो मला जास्त वाटत नाही. केस पूर्ण गोल नसते, पट्ट्याचे कान बाहेर आलेले असतात. सरळ लेथच्या तीन जबड्यांच्या चकमध्ये (पकडीत) धरली तर वळ उठतात किंवा ती केंद्रात बसत नाही. तिच्यासाठी पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं फिक्स्चर, म्हणजे केस नीट धरून ठेवणारा साचा, आधी लेथवर वळावं लागतं. पितळेवर क्रोमचा मुलामा असलेली केस कापायला सोपी, पण बाहेरून कानस लागली की पिवळं पितळ उघडं पडतं आणि पुन्हा मुलामा करायचा खर्च येतो. तो घरी करायच्या फंदात पडू नका, क्रोमचं द्रावण विषारी असतं. ३१६एल या स्टेनलेस स्टीलची केस याच्या उलट: कापायचं टूल बोथट असेल किंवा नुसतंच घासत राहिलं तर धातू आणखी कडक होतो.

तुम्ही एनएच३५ मशिन निवडलंय. त्याचा व्यास २७.४ मिमी आणि जाडी ५.३२ मिमी. व्यास लेथवर वाढवता येईल, खोली कुठून आणणार? हाताने चावी द्यायच्या जुन्या घड्याळांच्या केसा पातळ मशिनसाठी बनलेल्या असतात. मागचं झाकण बसलं नाही किंवा चावीची दांडी केसच्या भोकाच्या वर-खाली आली, तर ती केस भंगारात. उलट मोठ्या केसमध्ये लहान मशिन बसवायचं असेल तर धातू कापायचीच गरज नाही, मधे प्लॅस्टिकची रिंग घातली की काम झालं. माझ्या मते तुमचे पहिले नग याच प्रकारचे असावेत.

एचएमटीबद्दल एक गोष्ट खरेदीआधी लक्षात घ्या. घड्याळांचा विभाग बंद करायचा निर्णय केंद्राने २०१६ मध्ये घेतला, आणि तेव्हापासून संग्राहक जुना, हात न लागलेला नग शोधत फिरतात. तसा नग तुम्ही आतून कापला की त्या गिऱ्हाइकासाठी त्याची किंमत संपली. म्हणून मुलामा उडालेल्या, मशिन गेलेल्या केसाच घ्या. आणि विकताना मशिन बदललंय हे ठळक लिहा. तबकडीवर एचएमटी, आत दुसरंच मशिन आणि जाहिरातीत ‘ओरिजिनल’ असं झालं तर प्रकरण ट्रेडमार्क कायद्यापर्यंत जाऊ शकतं.

मग करायचं काय? तुम्ही कुपवाडात काम करता, तिथे टर्नर (लेथवरचा कारागीर) शोधायला लांब जावं लागणार नाही. फिक्स्चर एकदा करून घ्या आणि ज्या केसा कापाव्याच लागतील त्या जॉबवर्कला, म्हणजे नगामागे मजुरी देऊन बाहेर करायला, द्या. नगाला ४०० रुपये धरले तरी पाच नगांचे २,००० जातील आणि महिन्याला १,५०० उरतील. कमी वाटतात ना? पण लेथ घेतल्यावरचे २,६२५ शेजारी ठेवा. दीड लाख अडकवून जादा येणार महिन्याला १,१२५, तेही यंत्राची झीज न धरता. मुरलेल्या टर्नरच्या हातून नगही कमी बिघडतील. लेथ नंतर विकला तर काही पैसे परत येतील हे खरं. पण विकायची घाई असताना भाव कसा मिळतो हे मी वेगळं सांगायला नको.

सुरुवातीला १५,००० ची मर्यादा ठेवा. महिन्याला ८,००० शिल्लक पडते तुमची, दोन महिन्यांत ते जमतात. एफडीला हात लावू नका.

राज्याबाहेरच्या गिऱ्हाइकाला माल विकलात तर उलाढाल लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. मालासाठीची ४० लाखांची सूट राज्यातल्या विक्रीपुरती आहे. सुरुवातीची गिऱ्हाइकं सांगली-कोल्हापूर-पुण्यातली शोधा, त्या कटकटीतून सुटाल. कंपनीच्या नेमणूकपत्रात जोडधंद्याबद्दल काय लिहिलंय तेही वाचा.

आणि लेथ तळमजल्याच्या पडवीत ठेवणार, असं लिहिलंय तुम्ही. सांगलीवाडीत! २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी तुम्ही पाहिलंय. टीव्ही वर नेता येतो, लेथ ऐन वेळी कोण उचलणार? घराच्या विम्यात धंद्याचं यंत्र सहसा धरत नाहीत, त्याचा विमा वेगळा काढावा लागतो.

सहा महिने दरमहा चार नग खरंच विकले गेले, तर वापरलेला लेथ बघायला हरकत नाही. तेव्हाही एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तेवढी उचल, घ्या. व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं, तेही उचललेल्या रकमेवरच, आणि ठेव चालू राहते. बँकेत जाल तेव्हा त्या ठेवीवर बायकोचं नाव नॉमिनी म्हणून लागलंय का, तेवढं बघून घ्या. पत्रात त्याचा उल्लेख नव्हता.